सोयाबीनमधले आयसोफ्लॅवोन: काढायचे कसे, मोजायचे कसे

बार्शीच्या बाजार समितीत दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे ढीग लागतात. व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरून बघतो, एखादा दाताखाली फोडतो आणि मग मशीनवर हवा काढतो. हवा म्हणजे ओलावा. सौदा ‘दहा-दोन-दोन’चा: १० टक्के हवा, २ टक्के माती-काडी, २ टक्के डागी. त्यापुढे गेलं की भाव उतरतो. दाण्याच्या आत काय आहे ते तिथे कुणी मोजत बसत नाही, गृहीत धरतात. क्विंटलमागे १८ ते २० किलो तेल आणि ४० किलोच्या आसपास प्रथिनं. त्याच क्विंटलमध्ये साधारण १०० ते ४०० ग्रॅम आयसोफ्लॅवोन नावाची द्रव्यंही असतात. त्यांचा लिलावात उल्लेखसुद्धा होत नाही. मेडिकलमध्ये ‘सोया आयसोफ्लॅवोन ४० मिलिग्रॅम’ असं छापलेली कॅप्सूलची बाटली मिळते ती मात्र याच द्रव्यांची.

१०० ते ४०० एवढा फरक का, याचं निम्मं उत्तर शेतात आहे आणि निम्मं प्रयोगशाळेत. शेतातलं लवकर सांगून होईल. प्रयोगशाळेतलं जास्त मजेशीर आहे, कारण तिथे एकाच पोत्यातल्या एकाच द्रव्याचे ७५, ६२ आणि ३९ असे तीन आकडे निघू शकतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात. कसे, ते पुढे हिशेबासकट बघू.

हे आहे तरी काय

आयसोफ्लॅवोन हे वनस्पतीने स्वतःच्या गरजेसाठी बनवलेलं रसायन आहे, आपल्या तब्येतीसाठी नाही. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळतात ते सगळ्यांना माहीत आहे. ते जिवाणू मुळापाशी येऊन गाठी करतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. पण गाठ करायला सुरुवात कर, हा निरोप त्यांना मुळातून झिरपणाऱ्या आयसोफ्लॅवोनमुळेच मिळतो. जेनिस्टीन आणि डायडझीन जमिनीत उतरले की जिवाणूंमधली गाठी करणारी जनुकं जागी होतात. मुळावर बुरशीने हल्ला केला की डायडझीनपासूनच झाड एक बुरशीरोधक द्रव्य तयार करतं. निरोप्याचं आणि राखणीचं, अशी दोन्ही कामं या एकाच घराण्याकडे आहेत.

सोयाबीनमध्ये याचे तीन मुख्य प्रकार: डायडझीन, जेनिस्टीन आणि ग्लायसिटीन. जेनिस्टीन पहिल्यांदा हाती लागलं ते १८९९ साली, पण सोयाबीनमधून नाही. युरोपात कापडाला पिवळा रंग द्यायला जेनिस्टा नावाचं झुडूप वापरत, त्यातून ते वेगळं केलं गेलं आणि नावही त्यावरूनच पडलं. चादरी आणि टॉवेलच्या सोलापुरात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. या संशोधनाचं मूळ आरोग्यात नव्हतं, रंगाऱ्यांच्या हंड्यात होतं. सोयाबीनमधून साखर चिकटलेलं जेनिस्टीन १९३१ मध्ये वेगळं झालं.

आता शेतातलं उत्तर. दाणा भरत असताना हवामान थंड असेल तर आयसोफ्लॅवोन जास्त साठतात, उकाडा असेल तर कमी. त्यामुळे जेएस ३३५ असो की फुले संगम, एकाच वाणाची एका आठवड्यात केलेली पेरणी आणि महिन्याभराने केलेली पेरणी यांचा आकडा वेगळा येतो. सप्टेंबरमध्ये पावसाने ताण दिला आणि ऊन तापलं की आपल्या भागात हा फरक पडणारच. वाणावाणांतही फरक असतो. म्हणून ‘सोयाबीनमध्ये अमुक मिलिग्रॅम असतं’ हे वाक्य ‘सोलापुरात अमुक मिलिमीटर पाऊस पडतो’ या जातीचं आहे. सरासरी म्हणून ठीक, या वर्षीच्या तुमच्या पोत्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

तीन नव्हे, बारा

खरी गुंतागुंत इथून सुरू होते. दाण्यात हे तीन रेणू सुटे क्वचितच सापडतात. बहुतेकांना ग्लुकोजचा एक रेणू चिकटलेला असतो. त्या ग्लुकोजला पुन्हा एक छोटी शेपटी असते: मॅलोनिल नाहीतर अ‍ॅसिटिल. सुटे तीन, नुसती साखर लागलेले तीन, साखर आणि मॅलोनिल लागलेले तीन, साखर आणि अ‍ॅसिटिल लागलेले तीन. झाले बारा.

कच्च्या दाण्यात मॅलोनिलवाले सर्वांत जास्त असतात. पण मॅलोनिलची शेपटी नाजूक. दाणे पाण्यात उकळले की ती पूर्ण गळून पडते आणि नुसता साखरवाला प्रकार उरतो. कोरड्या आचेवर भाजले तर शेपटीचा थोडाच भाग तुटतो आणि उरतो तो अ‍ॅसिटिलवाला. आंबवलं की सूक्ष्मजीवांची विकरं साखरच काढून टाकतात आणि रेणू सुटा होतो. टेम्पे आणि मिसोमध्ये सुटे प्रकार जास्त सापडतात ते त्यामुळेच. एकाच पोत्यातले दाणे एकीने उकडले, दुसरीने फुटाण्यासारखे भाजले, तर दोघींच्या ताटात रासायनिकदृष्ट्या वेगवेगळा माल येतो, मूळ बेरीज जवळपास तीच असूनही.

हे सगळं सांगायचं कारण असं की प्रयोगशाळेतली प्रत्येक पायरी म्हणजेही एक प्रकारचा स्वयंपाकच आहे. दळताना, गरम करताना, ठेवून देताना मॅलोनिल गळत राहतं. तुम्ही जे मोजता ते दाण्यात होतं, की तुमच्या हाताळणीमुळे तयार झालं, हा प्रश्न शेवटपर्यंत सोबत असतो.

नमुना आणि दळण

कंटाळवाणा वाटेल असा हा भाग आहे. निम्मे घोटाळेही इथेच होतात.

दाण्याचे तीन भाग: वर साल, आत दोन डाळिंब्या आणि त्यांच्या टोकाशी अंकुर. वजनात साल ८ टक्क्यांच्या आसपास, डाळिंब्या ९० टक्के आणि अंकुर जेमतेम २ टक्के. सालीत आयसोफ्लॅवोन जवळजवळ नाहीतच. अंकुरात मात्र डाळिंबीच्या पाच-सहा पट दाट असतात आणि ग्लायसिटीन तर मुख्यतः अंकुरातच. दाणे भरडले की हा अंकुर सुटतो आणि बारीक असल्यामुळे खाली बसतो. भरड वरून उचलली की अंकुर कमी आला, तळातून उचलली की जास्त. पूरक गोळ्या बनवणाऱ्यांना अंकुर वेगळा करून विकत घ्यावासा वाटतो तो याच कारणाने. तरीही दाण्यातला बहुतेक साठा डाळिंब्यांमध्येच आहे, कारण अंकुर श्रीमंत असला तरी फार लहान.

म्हणून नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घ्यायचा, एकत्र करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि हे पुन्हा करत मूठभरापर्यंत यायचं. ती मूठ संपूर्ण दळायची आणि पूर्ण पीठ चाळणीतून गेलंच पाहिजे. चाळणीवर राहिलेलं टाकून दिलं तर दाण्याचा एक भागच टाकला. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. सलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पिठाचे गोळे होऊन पात्याला चिकटतात.

काढणं: ८० टक्के का?

दाण्यात २० टक्के तेल आहे, ते आधी काढलेलं बरं. त्यासाठी हेक्झेन वापरतात, जे सॉल्व्हंट प्लांटमध्येही वापरतात. हेक्झेनमध्ये तेल विरघळतं, आयसोफ्लॅवोन विरघळत नाहीत, ते पेंडीत राहतात. यावरून एक गोष्ट लगेच कळते: सोयाबीन तेलात आयसोफ्लॅवोन नसतात. डब्यावर ‘सोयाचे गुण’ वगैरे लिहिलेलं असलं तरी हा गुण त्या डब्यात नाही, तो डीओसी म्हणून, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीतून, कोंबड्यांच्या खाद्यात गेलेला असतो.

मग उरलेल्या पिठातून आयसोफ्लॅवोन बाहेर काढायला काय वापरायचं? नुसतं पाणी घेतलं तर प्रथिनं आणि साखर एवढी विरघळते की दुधासारखा चिकट द्रव होतो आणि गाळणकागदातून उतरत नाही. शिवाय दाण्यातलं स्वतःचं साखर तोडणारं विकर पाणी मिळताच कामाला लागतं. म्हणजे मोजण्याआधीच माल बदलू लागतो. उलट शुद्ध मिथेनॉल किंवा इथेनॉल घेतलं तर साखर लागलेले, पाण्याची ओढ असलेले प्रकार नीट बाहेर येत नाहीत आणि कोरडं पीठ आतपर्यंत भिजतही नाही. दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग पाणी. पाणी पीठ फुगवतं आणि साखरवाल्यांना ओढतं. मिथेनॉल सुट्या प्रकारांना विरघळवतं, प्रथिनांचा साका करून त्यांना खाली बसवतं आणि विकराला गप्प करतं. काही जण अ‍ॅसिटोनायट्राइल, पाणी आणि थोडं आम्ल असं मिश्रण घेतात, तेही चालतं. खाण्यासाठीचा अर्क करायचा असेल तर मात्र मिथेनॉलचं नावही काढायचं नाही, ते विष आहे. तिथे इथेनॉलच.

प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगतो. २ ग्रॅम पीठ झाकणाच्या नळीत घेतलं, वरून मिश्रण ओतलं आणि हलवलं की आधी पांढुरका गढूळ द्रव होतो. तासभर हलवत ठेवल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की खाली घट्ट फिकट थर बसतो आणि वर किंचित पिवळसर, पारदर्शक द्रव राहतो. तो अलगद काढून घ्यायचा आणि खालच्या गाळावर पुन्हा ताजं मिश्रण घालायचं. आमची एम.एस्सी.ची मुलं इथे हमखास घाई करतात: एकदाच भरपूर मिश्रण घालून मोकळं व्हायला बघतात. पण तेवढंच मिश्रण दोन-तीन वेळा थोडं थोडं वापरलं तर जास्त माल निघतो. समजा एका खेपेला असलेल्यापैकी ८५ टक्के बाहेर आलं. दुसऱ्या खेपेला उरलेल्या १५ चे ८५ टक्के, म्हणजे पावणेतेरा. झाले जवळपास ९८. तिसऱ्या खेपेला हाती फारसं लागत नाही, आणि ‘आता काही लागत नाही’ हे दाखवण्यासाठीच ती करायची असते.

गरम केलं की काम लवकर होतं, पण मॅलोनिल गळतं. सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण आहे, १८७९ पासूनचं, मुळात दुधातली स्निग्धता मोजायला केलेलं. त्यात उकळत्या द्रावकाचा तासन् तास फेरा चालतो. तेल काढायला ते उत्तम, पण बाराही प्रकार जसेच्या तसे मोजायचे असतील तर वाईट. ध्वनिलहरींच्या पात्रात नळी ठेवली तर बुडबुडे फुटून पेशी मोकळ्या होतात आणि गरम न करताही अर्क लवकर उतरतो. फक्त पात्रातलं पाणी हळूहळू तापत जातं, त्यात बर्फ टाकत राहावं लागतं.

वेगळं करणं

त्या पिवळसर द्रवात बारा आयसोफ्लॅवोन आहेत, शिवाय सॅपोनिन, साखर आणि इतर शंभर गोष्टी. एचपीएलसी हे यंत्र त्यांना रांगेत उभं करतं. आत पोलादाची वीतभर नळी असते आणि तिच्यात मैद्याहून बारीक सिलिकाचे कण गच्च भरलेले. त्या कणांवर १८ कार्बनच्या तेलकट साखळ्या डकवलेल्या असतात, म्हणून तिला सी-१८ म्हणतात. एका टोकाने अर्काचे काही थेंब सोडायचे आणि मागून जोराच्या दाबाने पाणी व अ‍ॅसिटोनायट्राइलचा प्रवाह.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एक कुटुंब एकाच वेळी आत शिरतं. आजोबांना कशात रस नाही, ते सरळ चालत पलीकडे निघतात. सून बांगड्यांच्या दोन दुकानांवर थांबते. नातू प्रत्येक खेळण्यापाशी चिकटतो. आत शिरले एकत्र, बाहेर पडताना वेळा वेगळ्या. नळीत हेच होतं. साखर लागलेले रेणू पाण्याच्या ओढीने वाहत जातात, तेलकट साखळ्यांपाशी फार रेंगाळत नाहीत, म्हणून साखरवाला डायडझीन आधी निघतो. सुटं जेनिस्टीन साखळ्यांना चिकटत चिकटत सर्वांत शेवटी बाहेर येतं. प्रवाहात अ‍ॅसिटोनायट्राइलचं प्रमाण हळूहळू वाढवत नेतात, त्यामुळे रेंगाळणाऱ्यांनाही निघावंच लागतं.

बाहेर पडणाऱ्या द्रवावर अतिनील प्रकाश टाकलेला असतो, साधारण २६० नॅनोमीटरचा. आयसोफ्लॅवोन तो शोषतात. आला रेणू की पडद्यावर रेघ वर चढते, गेला की उतरते. त्या डोंगराखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्याचं प्रमाण. पण डोंगर दिसला म्हणजे तो जेनिस्टीनचाच असं नाही. शुद्ध जेनिस्टीन सोडल्यावर तो कोणत्या मिनिटाला येतो ते आधी बघायचं, त्याचा शोषणाचा आलेख जुळवायचा, आणि मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तर वजनच विचारायचं: डायडझीन २५४, जेनिस्टीन २७०, ग्लायसिटीन २८४.

क्षेत्रफळावरून मिलिग्रॅम कळण्यासाठी शुद्ध द्रव्याची १, ५, १०, २५, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर अशी द्रावणं चालवून सरळ रेघ काढतात. आपला नमुना त्या रेघेच्या आत पडला पाहिजे, बाहेर पडला तर पातळ करून पुन्हा. ही शुद्ध द्रव्यं महाग असतात, मॅलोनिलवाली तर जास्तच, आणि ठेवल्या जागी खराबही होतात. म्हणून एक युक्ती रूढ आहे: अर्कात थोडा पातळ कॉस्टिक सोडा घालून काही मिनिटं ठेवायचा. मॅलोनिल आणि अ‍ॅसिटिल दोन्ही शेपट्या गळतात, बाराचे सहा होतात, मोजणं सोपं होतं. एओएसी या संस्थेची २००१.१० क्रमांकाची अधिकृत पद्धत हीच: ८० टक्के मिथेनॉल, ६५ अंशांवर अर्क, मग सोडा, मग एचपीएलसी. कच्च्या आणि भाजलेल्या दाण्यातला भेद तिच्यात पुसला जातो, पण एकूण बेरीज भरवशाची मिळते.

हिशेब

आता ते तीन आकडे. समजण्यापुरते सोपे अंक घेतो. २ ग्रॅम पीठ, अर्क एकूण ५० मिलिलीटर, सोडा घातल्यानंतर यंत्राने साखरवालं जेनिस्टीन दाखवलं २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर. २५ गुणिले ५० म्हणजे १२५० मायक्रोग्रॅम, तेही २ ग्रॅममध्ये. १०० ग्रॅमला ६२.५ मिलिग्रॅम.

पण यात साखरेचं वजनही आलं. साखरवाल्या रेणूचं वजन ४३२, सुट्या जेनिस्टीनचं २७०. म्हणजे ०.६२५ ने गुणायचं: ३९ मिलिग्रॅम. आणि सोडा घातलाच नसता, सगळं मॅलोनिलवाल्या रूपात मोजलं असतं, तर त्या रेणूचं वजन ५१८, म्हणजे आकडा आला असता ७५. दाणा तोच, रेणूंची संख्या तीच. ज्याला बाटलीवर मोठा आकडा छापायचा आहे तो कोणता निवडेल ते सांगायला नको. आकडा म्हणून यात खोटं काही नाही. म्हणून संशोधनात सगळं ‘सुट्या रूपात’ बदलून सांगायची पद्धत आहे, आणि तसा उल्लेख नसेल तर तो आकडा दुसऱ्या कशाशी ताडूच नये असं माझं ठाम मत आहे.

बार्शीकडच्या एका मुलाने प्रकल्पासाठी घरचंच सोयाबीन आणलं होतं. त्याचे वडील एकदा आले तेव्हा त्याने कौतुकाने आकडा दाखवला. ते म्हणाले, “हवा धरून का हवा सोडून?” पोरगा गप्प. प्रश्न अगदी नेमका होता. वरचे ३९ हे १० टक्के ओलावा असलेल्या पिठातले. कोरड्या वजनावर काढायचे तर ०.९ ने भागायचं, होतात ४३. तेच दाणे १४ टक्के हवेचे असते तर ३७ दिसले असते. बाजारात मशीनवर हवा काढतात ती दाण्यांच्या विद्युत गुणधर्मावरून. प्रयोगशाळेत पीठ १०५ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतात. तत्त्व वेगळं, पण बाप आणि लेक मोजत होते एकच गोष्ट. तेल काढलेल्या पिठावरचा आकडाही असाच फुगलेला दिसतो, कारण १०० ग्रॅम दाण्यातलं २० ग्रॅम तेल वजनातून गेलेलं असतं.

आणखी एक तपासणी चांगली प्रयोगशाळा करतेच: पिठात मुद्दाम मोजून शुद्ध जेनिस्टीन घालायचं आणि शेवटी किती परत मिळतं ते बघायचं. १०० घातले आणि ९५ मिळाले तर काम ठीक. ७० मिळाले तर वाटेत गळती आहे, आणि १२० मिळाले तर दुसरंच काहीतरी त्यात मोजलं जातंय.

निळा रंग आणि बाकीची मंडळी

स्वस्तातली एक चाचणी फार लोकप्रिय आहे. फोलिन-सिओकाल्टू नावाचं पिवळं द्रावण अर्कात घातलं की निळा रंग येतो, रंग जितका गडद तितके ‘एकूण फिनॉल’ जास्त. यंत्र साधं, वेळ कमी, म्हणून विद्यार्थ्यांचे निम्मे प्रबंध त्यावरच निघतात. पण हे द्रावण फिनॉलपुरतं थांबत नाही. क जीवनसत्त्व, काही साखरा आणि प्रथिनांमधलं टायरोसिन यांच्याशीही ते निळं होतं. प्रथिनं मोजायची लाउरी पद्धत याच द्रावणावर चालते! ४० टक्के प्रथिनांच्या सोयाबीनमध्ये अर्क नीट स्वच्छ न करता हा निळा रंग मोजला तर नक्की कशाचा आकडा आला ते देवच जाणे. दहा नमुन्यांची आपसात तुलना करायला ही चाचणी वापरा, ‘सोयाबीनमध्ये अमुक इतके औषधी घटक’ म्हणायला नको.

सोयाबीनमधली बाकीची उपयोगी द्रव्यं वेगळ्या वाटेने निघतात. लेसिथिन तेलाबरोबर येतं आणि तेलात थोडं पाणी मिसळलं की डिंकासारखं खाली बसतं. ई जीवनसत्त्व आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल तेलातच राहतात, तेल शुद्ध करताना वाफेबरोबर उडतात ते गोळा करतात. यातल्या स्टिग्मास्टेरॉलची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत पर्सी ज्युलियन हे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते त्या कारखान्यातल्या तेलाच्या टाकीत पाणी गळलं आणि तळाशी पांढरा साका जमला. तेल वाया गेलं म्हणून बाकीचे हळहळत असताना तो साका स्टिग्मास्टेरॉलचा आहे हे ज्युलियन यांनी ओळखलं आणि त्यापासून मोठ्या प्रमाणावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार केलं. ट्रिप्सिन रोधक, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारं द्रव्य, हे मात्र प्रथिन आहे, कच्च्या दाण्याचं पचन बिघडवतं, म्हणून सोयाबीन शिजवूनच खायचं. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हे त्यातला कुनिट्झ नावाचा रोधक नसलेलं वाण काढलं आहे.

ताटात आणि पोटात

सुट्या रूपात धरून, १०० ग्रॅममागे ढोबळ अंदाज असा: तेल काढलेल्या सोया पिठात १५० मिलिग्रॅमच्या आसपास, टोफूत २० ते ३०, सोया दुधात १०, सोया सॉसमध्ये १ आणि तेलात शून्य. सोया वडी तेल काढलेल्या पिठाचीच, त्यामुळे तिच्यात बरंच टिकतं. भिजवून पिळून पाणी ओतून दिलं की काही भाग मोरीत जातो. सोया प्रथिनाच्या पावडरीबाबत सावध राहा. पीठ पाण्याने धुऊन केलेल्या पावडरीत आयसोफ्लॅवोन बऱ्यापैकी राहतात, अल्कोहोलने धुतलेल्यात फारच थोडे. का, ते वरच्या ८० टक्क्यांच्या भागात आलंच आहे: अल्कोहोलचं तेच तर काम. ‘सोया प्रोटीन’ हे नाव दोन्ही डब्यांवर सारखंच असतं.

पोटातली गोष्ट आणखी वेगळी. साखर लागलेला रेणू आतड्यातून तसाच आत जात नाही, आधी साखर सुटावी लागते. मग आतड्यातले जिवाणू डायडझीनपासून इक्वॉल नावाचं द्रव्य करतात, पण सगळ्यांच्या नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण चौघांपैकी एकाच्या पोटात ते तयार होतं, जपानमध्ये निम्म्याहून जास्त लोकांच्या. म्हणून सारखंच खाऊन दोघांना सारखा परिणाम दिसत नाही. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी असलेल्या साधर्म्यामुळे आयसोफ्लॅवोनची भीतीही घातली जाते. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या आयसोफ्लॅवोन असलेलं विशिष्ट क्लोव्हर गवत चरून वांझ होत होत्या हे खरं आहे, पण त्या दिवसभर तेच गवत खात होत्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांच्या बाबतीत पूरक गोळ्यांमुळे स्तन, गर्भाशय किंवा थायरॉइडला अपाय झाल्याची चिन्हं दिसत नाहीत असा निष्कर्ष काढला. फायद्याच्या बाजूलाही फार उड्या मारू नयेत: सोया प्रथिनाने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं लिहायला अमेरिकेने १९९९ मध्ये परवानगी दिली, आणि २०१७ मध्ये पुरावा पुरेसा नाही म्हणून ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोयाचा पदार्थ यांत अंतर ठेवावं, गोळी नीट शोषली जात नाही. किती ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

एखाद्या गटाला किंवा शेतकरी कंपनीला आपल्या मालाची तपासणी करून घ्यायची असेल, तर दाणे अख्खेच पाठवा, दळून नको. हवाबंद पिशवीत भरा, उन्हात तापलेल्या टपावर ठेवू नका, वाण, पेरणीची तारीख आणि मळणीची तारीख लिहा. अहवाल आल्यावर चार गोष्टी बघा: आकडा सुट्या रूपात आहे की साखरेसकट, कोरड्या वजनावर आहे की हवेसकट, तेल काढून मोजलंय की अख्ख्या दाण्यावर, आणि अर्काला सोडा दिला होता की नव्हता. यातली एखादी जरी लिहायची राहिली असेल तर पैसे देण्याआधी फोन करून विचारून घ्या.